प्लेयेल नेमका कोण, आणि त्याच्या जुन्या छापील प्रतीचे साल कसे ठरवायचे?

प्रश्न दोन पदरी आहे. वेस्टर्न व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या ड्युएटच्या (दोन वाद्यांच्या रचनांच्या) वहीवर प्लेयेल हे नाव असते, जुन्या फ्रेंच पियानोंवर तेच नाव दिसते आणि ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनांच्या) दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रतीवर प्रकाशक म्हणूनही तेच. ही सगळी एकच व्यक्ती का? आणि अशा प्रतीवर साल छापलेले नसते, मग ती कधीची हे कसे ओळखायचे?

व्यक्ती एकच. या माणसाने तिन्ही कामे केली आणि तिन्ही मनापासून केली. जर्मनमध्ये तो इग्नात्स, फ्रेंचमध्ये इन्यास. मात्र प्रकाशक म्हणून त्याने काय केले हे पाहिल्याशिवाय संगीतकार प्लेयेल नीट कळत नाही. म्हणून इथे आयुष्य थोडक्यात आणि छापील कागद सविस्तर असा क्रम ठेवला आहे.

प्लेयेलचा जन्म १८ जून १७५७ चा, ऑस्ट्रियातल्या रुपर्सटाल या खेड्यातला. वडील शाळामास्तर. काउंट लाडिस्लाउस एर्डोडी या हंगेरियन सरदाराने त्याला हायडनकडे शिकायला ठेवले. साधारण १७७२ ते १७७७ अशी पाच वर्षे तो हायडनच्या हाताखाली होता. त्याचा खर्च म्हणून एर्डोडी हायडनला वर्षाला १०० लुई (सोन्याची फ्रेंच नाणी) मोजत असे. पुढे इटलीचा प्रवास झाला, नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात १७८५ साली 'इफिजेनिया इन आउलिदे' हा ऑपेरा झाला. त्याच सुमारास तो स्ट्रासबूरच्या कॅथीड्रलमध्ये फ्रान्त्स क्साव्हर रिश्टर या वृद्ध संगीतप्रमुखाचा मदतनीस झाला. १७८९ साली रिश्टर वारले आणि ती जागा प्लेयेलकडे आली.

त्याचे बहुतेक महत्त्वाचे लेखन या स्ट्रासबूरच्या दशकातले आहे. सिंफनी ४१, क्वार्टेट सत्तरच्या आसपास, शिवाय ड्युएट, त्रिओ, क्विंटेट. त्याचे पहिले सहा क्वार्टेट छापून आले तेव्हा मोत्सार्टने २४ एप्रिल १७८४ च्या पत्रात वडिलांना ते मुद्दाम मिळवायला सांगितले होते. ते उत्तम लिहिलेले आहेत, कानाला गोड आहेत आणि ते ऐकताच गुरू कोण हे ओळखू येते, अशा आशयाचे त्याचे मत होते. काळाच्या ओघात प्लेयेल हायडनची जागा भरून काढू शकला तर संगीताचे भाग्यच, असेही त्याने पुढे लिहिले. प्लेयेलला 'हायडनची फिकी नक्कल' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

फ्रेंच राज्यक्रांतीने स्ट्रासबूरमधली कॅथीड्रलची चाकरी आणि मैफली दोन्ही थांबवल्या. त्याच काळात, २५ सप्टेंबर १७९१ ला, स्ट्रासबूरमध्ये 'स्वातंत्र्यस्तोत्र' सादर झाले. त्याचे शब्द रूजे द लील यांचे आणि संगीत प्लेयेलचे. पुढच्याच वर्षी 'मार्सेय्येझ' हे फ्रान्सचे राष्ट्रगीत लिहिणारे हेच ते रूजे द लील. डिसेंबर १७९१ मध्ये प्लेयेल लंडनला गेला. तिथे हायडन आधीपासून सालोमोन या आयोजकाच्या मैफलींसाठी आलेला होता, आणि प्रतिस्पर्धी संस्थेने मुद्दाम त्याच्या शिष्याला बोलावले होते. वर्तमानपत्रांनी गुरुशिष्यांची झुंज रंगवली, पण दोघे एकत्र जेवत होते आणि एकमेकांच्या मैफलींना जात होते. याच हंगामात, ९ मार्च १७९२ ला, हायडनचे चार वाद्यांचे 'सिंफोनिया कोंचेर्तांते' पहिल्यांदा वाजले. प्लेयेलच्या त्याच घाटाच्या रचनांना श्रोते उचलून धरत होते, त्याला ते उत्तर होते असे मानले जाते. लंडनच्या कमाईतून प्लेयेलने आल्सासमध्ये इतेनव्हिलर इथली हवेली घेतली. आणि १७९५ साली पॅरिसमध्ये संगीताचे दुकान आणि प्रकाशन सुरू केले.

इथून पुढे त्याने फार थोडे लिहिले. याला ऱ्हास म्हणणे मला पटत नाही. कान तोच होता, काम बदलले. १७९५ ते १८३४ या ३९ वर्षांत त्याच्या संस्थेने सुमारे ४००० कृती छापल्या. हायडन, बोकेरिनी, बीथोवन, क्लेमेंटी, दुसेक, हुमेल, मेयुल, ऑन्स्लो अशी ती यादी आहे.

आता छपाई. साल ओळखायचे तर पान कसे तयार होई हे माहीत हवे.

संगीताचे पान खिळे जुळवून नाही, कोरून छापत. कथिल आणि शिसे यांच्या मऊ मिश्रधातूचा एक पत्रा म्हणजे एक पान. कारागीर आधी कंपासाने मोजून कुठल्या ओळीत किती मात्रा बसतील हे आखून घेई. पाच दात्यांच्या हत्याराने एका ओढीत पाच रेघा पाडी. स्वरांची डोकी, क्लेफ, शार्प-फ्लॅट, अक्षरे आणि आकडे यांचे पोलादी ठसे असत, ते हातोडीने ठोकत. काड्या, जोडपट्ट्या आणि स्वर बांधणाऱ्या कमानी कोरणीने काढत. हे सगळे आरशातल्यासारखे उलटे, उजवीकडून डावीकडे. तांब्याऐवजी मऊ धातू घेण्याचे कारण ठसा एका ठोक्यात उमटतो. तोटा असा की पत्रा लवकर झिजतो आणि त्याला तडा जातो.

चूक झाली तर? पत्रा उलटा करायचा, पकडीने चुकीची नेमकी जागा मागच्या बाजूला शोधायची, तिथे मागून ठोकून खड्डा वर उचलायचा, पुढून घासून सपाट करायचे आणि नवा ठसा मारायचा. नीट केले तर दिसत नाही. घाई केली तर जुन्या खुणेची पुसट सावली राहते. ही सावली लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

छापताना पत्र्यावर शाई चोळून वरची पुसून घेत, ओला केलेला कागद त्यावर ठेवून रुळांच्या दाबातून काढत. त्यामुळे खऱ्या प्रतीत मजकुराभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट बोटाला लागते आणि शाई किंचित उठावाची असते. चौकट नसेल तर ते पान बहुधा नंतरचे, दगडावरून छापलेले असते. हे स्कॅनवर कळत नाही. म्हणून फक्त स्कॅन पाहून 'मूळ प्रत' असे ठामपणे म्हणू नये.

पत्रे वर्षानुवर्षे जपून ठेवत आणि मागणीप्रमाणे पन्नास-शंभर प्रती काढत. साल छापले की माल शिळा दिसतो, म्हणून साल घालतच नसत. मग खुणा वाचायच्या. पुढच्या क्रमाने वाचल्या तर गोंधळ कमी होतो.

आधी मुखपृष्ठावरचा पत्ता. प्लेयेलच्या सुरुवातीच्या प्रतींवर र्यू नव दे पेती शां हा रस्ता आणि घर क्रमांक ७२८ किंवा १२८६ असतो, सोबत 'राष्ट्रीय खजिन्यासमोर' असेही येते. एका मध्यम लांबीच्या रस्त्यावर १२८६ वे घर कसे? क्रांतीच्या काळात पॅरिसमध्ये क्रमांक रस्त्याप्रमाणे नसून विभागाप्रमाणे सलग दिलेले होते. फेब्रुवारी १८०५ च्या हुकुमाने एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम अशी आजची पद्धत आली. म्हणजे तीन-चार आकडी घर क्रमांक दिसला की मुखपृष्ठ या बदलाच्या आधी कोरलेले आहे, असे समजायला हरकत नाही. 'बुलवार बॉन नूव्हेल, क्रमांक ८' आणि 'बुलवार माँमार्त्र' हे पत्ते त्यानंतरचे.

मग हक्काची ओळ. १९ जुलै १७९३ च्या कायद्याने लेखक आणि संगीतकारांना हयातभर आणि वारसांना पुढे दहा वर्षे हक्क मिळाला. त्यासाठी दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा कराव्या लागत. म्हणून मुखपृष्ठावर 'देपोझे आ ला बिब्लिओतेक...' अशी ओळ येते. तिचा शेवटचा शब्द पाहा. 'नासिओनाल' असेल तर प्रजासत्ताकाचा काळ, म्हणजे १८०४ च्या आधी. 'अँपेरिआल' असेल तर नेपोलियनचे साम्राज्य. 'रुआयाल' असेल तर राजेशाही परतल्यानंतर. एका शब्दावरून दशक हाती येते.

त्यानंतर किंमत. लिव्हर आणि सू या जुन्या नाण्यांत असेल तर प्रत सहसा अठराव्या शतकातली असते. फ्रँक १७९५ साली अधिकृत झाला, पण दुकानदारांची सवय सुटायला काही वर्षे गेली. त्यामुळे ही खूण एकटी पुरत नाही. मेल्त्सेलच्या मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे असतील तर ते १८१५ च्या आधीचे असूच शकत नाहीत. 'वर्ष ७', 'वर्ष ९' असे क्रांतीच्या पंचांगातले साल कुठे मिळाले तर ते १८०६ च्या आधीचे, कारण १ जानेवारी १८०६ पासून ते पंचांग बंद झाले.

प्लेट नंबर, म्हणजे पत्र्यावरचा नंबर, सगळ्यात शेवटी घ्यावा, आणि लोक नेमके उलट करतात. प्रत्येक पानाच्या तळाशी मध्यभागी जो आकडा असतो तो त्या कृतीचा नंबर, पान क्रमांक नव्हे. एका कृतीच्या सगळ्या पत्र्यांवर तोच असतो, म्हणजे गोदामात पत्रे मिसळत नाहीत. आयएमएसएलपी या छापील संगीताच्या मोफत ऑनलाइन संग्रहावर प्रकाशकवार अशा नंबरांच्या याद्या आहेत, प्लेयेलचीही आहे. पण हा नंबर कामाची नोंद झाल्याची वेळ सांगतो, तुमच्या हातातला कागद छापल्याची नाही. पंधरा वर्षांनंतर त्याच पत्र्यावरून काढलेल्या प्रतीवरही तोच नंबर असतो. प्रत आधीची की नंतरची हे झिजेवरून ठरवायचे. पाच रेघांतली बारीक रेघ तुटक दिसते का, पत्र्याच्या कडेकडून आत येणारी केसासारखी तड्याची रेघ आहे का, आणि दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीत ती तितकीच लांब आहे का, हे पाहावे. तडा वाढतो, कमी होत नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. मुखपृष्ठाचा पत्रा वेगळा असतो, आणि पत्ता बदलला की फक्त तोच बदलतात. १८३४ साली प्लेयेलचे प्रकाशन बंद झाल्यावर पत्रे आणि शिल्लक माल लमुआन, रिशो अशा पॅरिसमधल्या इतर प्रकाशकांकडे गेला. त्यामुळे बाहेर दुसऱ्याचे नाव आणि आत प्लेयेलच्या काळातले पत्रे अशी प्रत मिळू शकते. दोन्हींची नोंद वेगवेगळी करावी: मुखपृष्ठ कधीचे, आणि आतला मजकूर कधी कोरलेला.

आता त्या पुसट सावलीकडे. प्लेयेलचे सगळ्यात मोठे काम म्हणजे १८०१ मध्ये आलेला हायडनच्या क्वार्टेटचा संपूर्ण संग्रह, पहिला कॉन्सल बोनापार्ट यांना अर्पण केलेला. सोबत प्रत्येक कृतीच्या सुरुवातीच्या ओळी दाखवणारी सूची होती. या पहिल्या आवृत्तीत ८० क्वार्टेट होते, पुढे ओपस (म्हणजे छापील कृतीचा क्रमांक) ७७ चे दोन आले तेव्हा ८२, आणि शेवटचा अपुरा ओपस १०३ आला तेव्हा ८३. हायडनचे '८३ क्वार्टेट' हा पुस्तकांतून दीडशे वर्षे फिरलेला आकडा इथून आला. आपण आजही 'ओपस १', 'ओपस २', 'ओपस ३' म्हणतो तेही याच यादीच्या क्रमाने.

मात्र त्या ८३ मध्ये ओपस ५१ चे सात तुकडे आहेत, ते मुळात वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या 'सात अंतिम वचनां'चे रूपांतर. ओपस १ मधला पाचवा मुळात सिंफनी आहे. ओपस २ मधले तिसरा आणि पाचवा हे दोन हॉर्न असलेल्या सहा वाद्यांच्या रचनांवरून केलेले. आणि ओपस ३ चे सहाही हायडनचे नाहीत. ७, १, २ आणि ६ मिळून १६ वजा केले की ६७ उरतात. यादीत राहून गेलेला एक सुरुवातीचा क्वार्टेट, ज्याला आता ओपस ० म्हणतात, तो धरला की आजचा ६८ हा आकडा येतो.

ओपस ३ चा उलगडा पत्र्यावरूनच झाला. हे सहा क्वार्टेट १७७७ साली पॅरिसमध्ये बायो या प्रकाशकाने हायडनच्या नावावर काढले होते. १९६४ साली अ‍ॅलन टायसन आणि एच. सी. रॉबिन्स लँडन यांनी त्या प्रती बारकाईने पाहिल्या. पहिल्या दोन क्वार्टेटच्या पानांवर हायडनच्या नावाखाली आधी कोरून मग घासलेले 'सिन्योर होफस्टेटर' हे नाव पुसट दिसत होते. रोमान होफस्टेटर हे जर्मनीतल्या आमोरबाखचे बेनेडिक्टाइन साधू, हायडनच्या शैलीचे चाहते. मागून ठोकून वर उचललेला धातू पूर्ण सपाट झाला नव्हता, म्हणून हे कळले. लग्नसमारंभांत आणि परीक्षांत 'हायडनची सेरेनेड' म्हणून वाजणारा तुकडा ओपस ३ क्रमांक ५ मधला आहे. सावली फक्त पहिल्या दोनांवर आहे, बाकी चार शैली आणि संगतीवरून होफस्टेटरचे मानतात, हा फरक सांगायला हवा.

मग प्लेयेल चुकला का? चुकला. पण चूक इतकी टिकली त्याचे कारण त्याचे वजन होते. हायडनचाच शिष्य यादी करतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? खुद्द हायडनची १८०५ ची कृतिसूची तयार झाली तेव्हा क्वार्टेटचा भाग प्लेयेलच्या यादीवरूनच उतरवला गेला. तेव्हा हायडन सत्तरी ओलांडलेला होता. पुढच्या अभ्यासकांनी ती सूची हायडनची साक्ष मानली, आणि एकच साक्ष दोनदा मोजली गेली.

त्याचे दुसरे मोठे काम आकाराने लहान. तेव्हा क्वार्टेट सुट्या पार्टच्या चार वह्यांतच विकत. चारही वाद्ये एकाखाली एक दाखवणारा स्कोअर बाजारात क्वचित मिळे, अभ्यास करायचा तर चारही वह्या समोर मांडून हाताने उतरवून घ्यावे लागे. १८०२ मध्ये प्लेयेलने 'बिब्लिओतेक म्युझिकाल' ही हातात मावणाऱ्या छोट्या स्कोअरची मालिका सुरू केली. आधी हायडनच्या चार सिंफनी, मग हायडनच्याच क्वार्टेटचे दहा खंड. छोट्या आकाराच्या स्कोअरची ही पहिली मालिका मानली जाते. आज विद्यार्थी मैफलीत गुडघ्यावर पॉकेट स्कोअर ठेवून ऐकतो, त्या सवयीचा आरंभ इथे आहे. वाजवणाऱ्याला नव्हे तर वाचणाऱ्याला गिऱ्हाईक मानणे, हे संगीतकारालाच सुचू शकते.

सगळेच व्यवहार गोड नव्हते. माद्रिदला राहणाऱ्या बोकेरिनीशी १७९६ ते १७९९ असा पत्रव्यवहार आहे. त्यात पैसे उशिरा मिळाल्याच्या तक्रारी आहेत. शिवाय प्लेयेलने वेगवेगळ्या वर्षांच्या कृती एकत्र करून स्वतःचे ओपस क्रमांक दिले, ते बोकेरिनीच्या वहीतल्या क्रमांकांशी जुळत नाहीत. म्हणून बोकेरिनी शोधताना जेरार या अभ्यासकाच्या सूचीतला क्रमांक वापरावा. खुद्द प्लेयेलच्या कृतींचीही तीच गत. लंडन, व्हिएन्ना, बर्लिनच्या प्रकाशकांनी त्याचे ड्युएट आणि क्वार्टेट आपापल्या क्रमांकांनी, वाद्ये बदलून, कधी मूव्हमेंट वगळून छापले. इथे रीटा बेंटन यांच्या १९७७ च्या विषयसूचीतला 'बेन' क्रमांकच भरवशाचा.

१८०७ मध्ये त्याने पियानोचा कारखाना काढला. १७८८ साली स्ट्रासबूरमध्ये जन्मलेला मुलगा कामीय पुढे भागीदार झाला आणि त्याने तो नावारूपाला आणला. पियानोवादक-संगीतकार शोपँचा पॅरिसमधला पहिला कार्यक्रम फेब्रुवारी १८३२ मध्ये आणि शेवटचा १६ फेब्रुवारी १८४८ ला झाला, दोन्ही प्लेयेलच्याच सभागृहांत. प्रेल्यूड ओपस २८ च्या फ्रेंच आवृत्तीवर अर्पणपत्रिका आहे ती कामीयला, वडिलांना नव्हे. इग्नात्स प्लेयेल १४ नोव्हेंबर १८३१ ला वारला होता. त्याची कबर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे.

शेवटी ड्युएटच्या वहीबद्दल, कारण विचारणारे बहुधा तीच घेऊन बसलेले असतात. ओपस ८ आणि ओपस ४८ च्या प्रचलित आवृत्त्यांतल्या बो कशी ओढायची याच्या खुणा, बोटांचे आकडे आणि लांब कमानी एकोणिसाव्या शतकातल्या संपादक-शिक्षकांच्या आहेत. जुन्या छपाईत कमानी कमी आणि आखूड असतात, बोटांचे आकडे जवळजवळ नसतात. आयएमएसएलपी किंवा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर जुनी प्रत मिळाली तर आधी दोन्ही पार्टचे पहिले पान छापून घ्या. संपादित वहीत जिथे आठ स्वर एका कमानीत आहेत तिथे जुन्या पानावर किती आहेत ते मोजा, आणि पेन्सिलने वहीत खूण करा. पहिल्या व्हायोलिनला दिलेली कमान दुसऱ्या व्हायोलिनला तोच सूर आल्यावर वेगळी दिसली तर लगेच 'दुरुस्त' करू नका. कोरणाऱ्याची चूक असेल तर ती सहसा एकाच जागी असते. तोच फरक पुढे तीनदा आला तर तो प्लेयेलने लिहिलेला असण्याची शक्यता जास्त, आणि मग तसाच वाजवून पाहा.